साखर झपाट्याने उतरली आणि पायांची आग सुरू झाली: इन्सुलिन बंद करावे का?

प्रश्न: माझ्या वडिलांचे वय ५६ असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही, असे चालले होते. चार महिन्यांपूर्वी एचबीए१सीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, आकडा १३.८ आला, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. वडिलांनीही मनावर घेतले, गोड आणि भात सोडला, आणि तीन महिन्यांत तो आकडा ७ वर आला. आम्ही सगळे आनंदात असतानाच त्यांच्या तळपायांची आग होऊ लागली. आता ती पोटऱ्यांपर्यंत चढली आहे. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही आणि रात्रभर ते गार फरशीवर पाय टेकवून बसून असतात. उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. नसांची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, नॉर्मल आली. नातेवाईक म्हणतात की इन्सुलिनने नसा जाळल्या, ते बंद करा. वडीलही आता सुई नको म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर: इन्सुलिन बंद करू नका. एवढे एक वाक्य आज रात्रीपुरते पुरेसे आहे. बाकीचे सावकाश वाचा आणि शक्य असल्यास वडिलांनाही वाचून दाखवा, कारण त्यांच्या वेदनेला नाव आहे, कारण आहे आणि बहुतेक रुग्णांमध्ये शेवटही आहे, हे त्यांना कळणे औषधाइतकेच गरजेचे आहे. मी वडिलांना तपासलेले नाही, त्यामुळे हे निदान म्हणून न घेता प्रबळ शंका म्हणून घ्या. मात्र तुम्ही सांगितलेला क्रम, म्हणजे वर्षानुवर्षे बेलगाम असलेली साखर, मग अल्पावधीत तिचे झपाट्याने उतरणे आणि पाठोपाठ तीव्र आग, इतका स्पष्ट आहे की वडिलांच्या डॉक्टरांनी मधुमेहातील उपचारजन्य मज्जातंतुविकाराचा विचार सर्वांत आधी करावा असे मला वाटते.

या विकाराचे जुने नाव ‘इन्सुलिन न्यूरायटिस’ असे आहे आणि या नावानेच बराच गोंधळ झाला आहे. माणसाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन १९२२ साली टोरांटो येथे दिले गेले. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९३३ साली, काराव्हाटी या अमेरिकी डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केल्यावर पायांत तीव्र वेदना सुरू झालेल्या एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. साखर उतरवणारे दुसरे प्रभावी औषध त्या काळी नव्हतेच, त्यामुळे दोष इन्सुलिनकडे जाणे स्वाभाविक होते. पुढे गोळ्या आल्या, आणि केवळ गोळ्यांनी साखर झपाट्याने उतरलेल्या रुग्णांमध्येही हुबेहूब हीच वेदना दिसू लागली. तेव्हा ध्यानात आले की इन्सुलिन हा रेणू नसांना विषारी नाही, तर फार काळ उंच राहिलेली साखर फार थोड्या काळात खाली येणे हे या दुखण्याचे मूळ आहे. म्हणून आता ‘उपचारजन्य’ हा शब्द वापरतात. तुमच्या नातेवाइकांची भीती मी समजू शकतो. इन्सुलिन सुरू झाले आणि पाय पेटले हा क्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

या विषयावरचे सर्वांत उपयुक्त काम बोस्टनमधील गिबन्स आणि फ्रीमन या दोन मज्जातंतुतज्ज्ञांनी केले. त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेही मज्जातंतुविकारासाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या ९५४ रुग्णांपैकी १०४ जणांना, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांना, हा विकार असल्याचे आढळले. ते विशेष उपचार केंद्र असल्याने हे प्रमाण सरसकट सगळ्या मधुमेहींना लावता येणार नाही, हे लक्षात ठेवायला हवे. त्यांनी ठरवलेली व्याख्या मात्र कोणत्याही दवाखान्यात वापरण्याजोगी आहे: तीन महिन्यांत एचबीए१सी २ किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरणे, आणि ही सुधारणा झाल्यापासून आठ आठवड्यांच्या आत मज्जातंतूंची वेदना किंवा स्वायत्त चेतासंस्थेचा, म्हणजे रक्तदाब, घाम यांसारखी कामे आपोआप सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा, बिघाड सुरू होणे. त्यांच्या रुग्णांमध्ये घसरण २ ते ३ अंकांची असेल तर धोका सुमारे २० टक्के होता आणि ४ अंकांच्या पुढे तो ८० टक्क्यांहून अधिक होता. घसरण जितकी मोठी, तितकी वेदना तीव्र आणि तितकाच शरीराचा अधिक भाग तिने व्यापलेला, असाही संबंध त्यांना दिसला.

वडिलांचा हिशेब आता तुम्हीच करून पाहा. १३.८ वरून ७ म्हणजे ६.८ अंकांची घसरण झाली. सरासरी साखरेच्या भाषेत सांगायचे तर ३५० च्या आसपास असलेली साखर तीन महिन्यांत १५५ च्या आसपास आली. यात वडिलांची काहीच चूक नाही. त्यांनी मनापासून पथ्य केले, सुई चुकवली नाही, आणि त्याचे बक्षीस म्हणून ही आग मिळाली अशी त्यांची भावना झाली असेल तर ती अगदी साहजिक आहे. उलट, जे रुग्ण सर्वाधिक निष्ठेने उपचार घेतात त्यांच्यातच हा विकार अधिक दिसतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

साखर कमी होणे चांगले, तर मग नसा का दुखाव्यात, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. याचे संपूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही, पण एक मोलाचा धागा हाती आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे तेस्फाये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच रुग्णांच्या पोटरीतील मज्जातंतू उघडून त्याच्या पृष्ठभागावरील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेतली आणि १९९६ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत रोहिणीतील रक्त केशवाहिन्यांत न जाता मधल्या आडवाटेने थेट नीलेत जाताना दिसले, शिवाय मज्जातंतूवर नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले होते. मधुमेहाने बिघडलेल्या डोळ्याच्या पडद्यावर जशा नव्या वाहिन्या फुटतात, तसेच हे दृश्य होते. पाटाचे पाणी मधेच फुटून ओढ्याला मिळावे आणि शेत कोरडे राहावे, तसे नसेच्या अंगावरून रक्त वाहते आणि आतल्या तंतूंना प्राणवायू पुरत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. याखेरीज, भरपूर साखरेची सवय झालेल्या तंतूंना अचानक इंधनाची टंचाई भासते, आणि सावरू लागलेले तंतू नवे अंकुर फुटताना अकारण संदेश सोडू लागतात, अशाही शक्यता अभ्यासक मांडतात. रुग्णाच्या दृष्टीने यातले तात्पर्य असे की या टप्प्यावर पाय जळत नसतात, तर पायातले तंतू मेंदूला ‘जळते आहे’ असा चुकीचा निरोप सतत पाठवत असतात.

नर्व्ह कंडक्शन तपासणी नॉर्मल आली म्हणून वेदना खोटी ठरत नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण असा रिपोर्ट हातात पडल्यावर रुग्णाकडे ‘मनाचे खेळ’ म्हणून पाहिले जाते असा माझा अनुभव आहे. ही तपासणी जाड आवरण असलेल्या मोठ्या तंतूंचा वेग मोजते. वेदना, उष्णता आणि थंडी यांची जाणीव वाहणारे तंतू मात्र अत्यंत बारीक असतात. ते या तपासणीच्या पकडीत येत नाहीत, आणि या विकारात बिघाड मुख्यतः त्यांच्यातच असतो. त्वचेचा लहानसा तुकडा काढून हे बारीक तंतू मोजता येतात, पण ती सोय सगळीकडे नाही आणि वडिलांसारख्या ठळक हकिकतीत तिची गरजही सहसा पडत नाही.

नेहमीचा मधुमेही मज्जातंतुविकार वेगळ्या चालीने येतो. तो वर्षानुवर्षे दबक्या पावलांनी सरकतो, आधी मुंग्या, मग बधिरता, मग चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, असा त्याचा प्रवास असतो. उपचारजन्य विकार दिवसांत किंवा आठवड्यांत भडकतो, साध्या स्पर्शाने कळ उठते, कधी हात, पोट, पाठ असे सर्वांग पेटते, आणि त्याच्या थोडे आधी साखर उतरल्याची नोंद हमखास सापडते. तरीही काही गोष्टी तपासून घ्याव्यात. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः शाकाहारी असल्यास, ब१२ जीवनसत्त्व कमी पडते. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहावी, मद्यपान असल्यास ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. एकाच मांडीत तीव्र वेदना होऊन ती मांडी बारीक होत गेली आणि जिना चढता येईनासा झाला तर तो मधुमेहाचाच पण निराळा विकार असतो. चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते, तर रक्तपुरवठा पाहावा लागतो. त्वचेवर बधिर चट्टा किंवा कोपराजवळ जाड झालेली नस असेल तर आपल्याकडे कुष्ठरोगाचा विचार आजही करावाच लागतो. या सगळ्या गोष्टी एका नीट केलेल्या तपासणीत आणि मोजक्या रक्तचाचण्यांत उरकतात.

उभे राहिल्यावर अंधारी येते, हे तुम्ही ओघात लिहिले असले तरी माझ्या दृष्टीने ती या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाच्या ओळींपैकी एक आहे. रक्तदाब, हृदयाची गती, घाम, पोटाची हालचाल, लघवी आणि लैंगिक क्षमता यांचे आपल्या नकळत नियमन करणारी स्वायत्त चेतासंस्था अशाच बारीक तंतूंची बनलेली असते आणि या विकारात तीही सापडते. वडिलांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब घ्या, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस कदाचित बदलावा लागेल. रात्री लघवीला उठताना त्यांनी आधी काठावर बसावे, पाय हलवावेत आणि मगच उभे राहावे, कारण अंधारात पडून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. थोडे खाल्ल्यावर पोट गच्च होणे, जेवताना घाम फुटणे, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर राहणे अशी लक्षणे असतील तर तीही सांगा. संकोचामुळे वडील तुमच्याशी बोलणार नाहीत अशा काही तक्रारी असतील. त्यासाठी डॉक्टरांना त्यांच्याशी थोडा वेळ एकांतात बोलू द्यावे. आणखी एक धोका असा की साखर फार कमी झाल्यावर होणारी धडधड आणि थरथर हे इशारे या स्थितीत मंद होऊ शकतात, म्हणून इन्सुलिन चालू असताना काही आठवडे ग्लुकोमीटर जास्त वेळा वापरावा आणि ७० च्या खालचा आकडा किरकोळ मानू नये.

याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्या. साखर वेगाने उतरते तेव्हा पडद्यावरचा जुना बिघाड काही काळ वाढू शकतो. अमेरिका आणि कॅनडामध्ये १,४४१ रुग्णांवर झालेल्या आणि १९९३ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या प्रसिद्ध अभ्यासात पहिल्या वर्षभरात असा बिघाड काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात १३.१ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ७.६ टक्के जणांमध्ये दिसला होता. गिबन्स आणि फ्रीमन यांच्या रुग्णांमध्येही वेदनेबरोबर डोळ्यांचा त्रास वाढलेला आढळला. दृष्टी अजून स्वच्छ आहे म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका. बिघाड वेळेत सापडला तर लेझर किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते.

याच डीसीसीटी अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष इन्सुलिनवर रागावलेल्या प्रत्येक घरात सांगण्यासारखा आहे. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात मज्जातंतुविकाराचे प्रमाण दीर्घकाळात सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले, आणि ज्यांचा डोळा सुरुवातीला बिघडला होता त्यांनाही पुढे फायदाच झाला. नियंत्रणाचा मार्ग योग्यच आहे, त्यावरचा वेग तेवढा सांभाळावा लागतो.

इन्सुलिन मनाने सोडले तर काय होते, हे मी एका रुग्णाकडून शिकलो, आणि त्यात माझा दोष होता. तालुक्याच्या गावी दवाखाना सुरू करून मला फार वर्षे झाली नव्हती. पंचेचाळिशीच्या एका शिक्षिकेचे एचबीए१सी चार महिन्यांत १४ वरून ७ च्या आत आले होते. मी तिचे तोंडभर कौतुक केले. ती सांगत होती की घरातली सगळी झोपतात आणि मी एकटी न्हाणीघरात पायांवर पाणी ओतत बसते. मी तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि जुन्या साखरेचा परिणाम आता जाणवतो आहे, असे सांगून परत पाठवले. तिने दोन खेपा घातल्या, मग येणे थांबवले, आणि घरच्यांच्या सल्ल्याने इन्सुलिन बंद केले. सात-आठ आठवड्यांनी ती आली तेव्हा पाठीवर मोठे गळू होते, साखर ५०० च्या पुढे होती, आणि पायांची आग तसूभरही कमी झालेली नव्हती. ती वाचली, पण त्यानंतर साखर उतरल्याचा आनंद व्यक्त करण्याआधी मी प्रत्येक रुग्णाला पायांबद्दल विचारतो.

साखर पुन्हा वर जाऊ दिल्याने वेदना खात्रीने शमते असा पुरावा नाही. उलट आज सोडलेले इन्सुलिन उद्या घाईने पुन्हा सुरू करावे लागते, साखर पुन्हा वेगाने उतरते आणि दुखण्याला नवी फुंकर मिळते. अशा हेलकाव्यांमुळे एकाच रुग्णाला हा विकार पुन्हा पुन्हा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून वडिलांची साखर आहे तिथे स्थिर ठेवावी, आणखी खाली रेटू नये, असे माझे मत आहे. रात्रीची किंवा पहाटेची साखर फार खाली जात असेल तर डॉक्टर डोस थोडा कमी करतील, आणि पुढचे काही महिने ७.५ च्या आसपासचा आकडा मला पूर्ण समाधानकारक वाटेल. हा बदल डॉक्टरांनी करायचा आहे, घरी अंदाजाने नव्हे.

आता वेदनेच्या औषधांविषयी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सुजेवर काम करतात. इथे सूज नसल्याने त्यांचा उपयोग होत नाही आणि मधुमेहीच्या मूत्रपिंडांना त्या अपाय करतात. औषधांच्या दुकानातून त्या आणू नका. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधे वापरतात. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑप्शन-डीएम चाचणीत मधुमेही मज्जातंतुवेदनेच्या रुग्णांना यांपैकी वेगवेगळ्या औषधांनी सुरुवात करून गरजेनुसार दुसऱ्याची जोड देण्यात आली, तेव्हा कोणत्याही क्रमाने आराम जवळपास सारखाच मिळाला. म्हणून निवड रुग्णाकडे पाहून करायची असते. प्रीगाबालिन रात्री लहान डोसने सुरू करून हळूहळू वाढवतात. त्याने गुंगी येते, पायांवर सूज आणि वजन वाढू शकते, मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी ठेवावा लागतो, आणि ते एकदम बंद करायचे नसते. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळते, पण मन खचलेल्या रुग्णाला त्याचा दुहेरी उपयोग होतो. काचबिंदू किंवा यकृताचा आजार असल्यास तसे आधी सांगावे. अ‍ॅमिट्रिप्टिलिन स्वस्त आहे आणि त्याने झोप लागते, पण त्याने तोंड कोरडे पडते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो आणि उभे राहिल्यावर उतरणारा रक्तदाब आणखी उतरतो. वडिलांना अंधारी येत असल्याने त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती या औषधाला नसेल.

एका गोष्टीची तयारी मनाशी असू द्या. नेहमीच्या मज्जातंतुवेदनेपेक्षा या विकारातली वेदना औषधांना अधिक चिवट असते. दोन औषधे एकत्र देऊनही ती निम्म्यावर आली तर तो चांगला परिणाम समजावा. चार दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. योग्य डोसवर तीन-चार आठवडे तरी औषधाला द्यावे लागतात. ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गातील औषधे फारच असह्य काळात, थोड्या दिवसांसाठी आणि देखरेखीखालीच घ्यावीत. ‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांविषयी इतकेच सांगतो की ब१२ खरोखर कमी असेल तर ते भरून काढलेच पाहिजे, पण त्याने ही आग विझेल अशी आशा ठेवू नये, आणि ब६ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेतले तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात.

घरगुती उपायांत काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. हलक्या हाताने केल्यास त्याने अपाय होत नाही आणि काहींना बरे वाटते, पण स्पर्शच सहन होत नसेल तर आग्रह करू नका. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवणे, शेक देणे, विटेचा चटका देणे हे मात्र पूर्ण वर्ज्य समजा. आग जाणवणाऱ्या पायाला खऱ्या उष्णतेची जाणीव कमी असू शकते आणि पोळून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. बर्फाचेही तसेच आहे. रात्री गार फरशीवर पाय टेकवणे किंवा ओल्या सुती फडक्याने पुसणे चालेल, मात्र त्यानंतर बोटांमधल्या जागा कोरड्या करायला विसरू नका. पायथ्याशी एखादी खुर्ची किंवा खोके उभे करून चादर त्यावर टाकली तर ती पायांना टेकत नाही आणि थंडीही लागत नाही. देवळात उन्हाने तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी चालणे सध्या टाळावे, आणि रोज संध्याकाळी तळपाय उजेडात तपासण्याचे काम घरातल्या कोणीतरी अंगावर घ्यावे.

वडिलांच्या मनाकडेही लक्ष असू द्या. या विकारात काही जणांचे वजन वेगाने घटते, भूक जाते आणि महिनोन्‌महिने झोप नसल्याने ‘यापेक्षा गेलेले बरे’ असे शब्द तोंडून निघतात. ते निराशेचे बोलणे म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना कळवा. गरज वाटल्यास १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मराठीतूनही बोलते.

हे टाळता आले असते का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण घरात आणखी कोणाला मधुमेह असेल तर उत्तर उपयोगी पडेल. फार काळ साखर वाढलेली असेल तर एचबीए१सी तीन महिन्यांत सुमारे २ अंकांहून अधिक उतरू नये अशा बेताने मी उपचार आखतो, म्हणजे १३ वरून ११, मग ९, मग साडेसात, असे साधारण नऊ-दहा महिने. सुरुवातीचे काही आठवडे उपाशीपोटीची साखर १८० च्या आसपास राहिली तरी मी रुग्णाला घाई करत नाही. गर्भारपण, कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याची मधुमेहातील आणीबाणी), गंभीर संसर्ग, पायाची जखम किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तेव्हा साखर लवकर खाली आणावीच लागते, तिथे हा हिशेब लागू होत नाही. काही आठवड्यांत मधुमेहमुक्ती देण्याच्या जाहिराती आता गावोगावी पोचल्या आहेत. नुकत्याच लागलेल्या, सौम्य मधुमेहात आहार आणि वजन यांवर मेहनत घेणे उत्तमच आहे, पण दहा-बारा वर्षे आकडा १२ किंवा १३ वर राहिलेल्या माणसाने गोळ्या, इन्सुलिन आणि कडक उपास एकाच वेळी सुरू केले तर धोका हाच असतो, आणि तो त्याला आधी सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते.

राहिला प्रश्न मुदतीचा. बहुतेक रुग्णांमध्ये साखर स्थिर राहिल्यास वेदना काही महिन्यांत सैल होऊ लागते आणि सहा ते अठरा महिन्यांत बऱ्याच अंशी ओसरते. स्वायत्त चेतासंस्थेची तक्रार काही जणांत, विशेषतः टाइप २ मधुमेहात, अधिक रेंगाळते. वेदना सरळ रेषेत कमी होत नाही, मधेच एखादा आठवडा पुन्हा वाईट जातो आणि घरचे धास्तावतात. माझ्या रुग्णांमध्ये सुधारणा सर्वांत आधी झोपेत दिसते, पायांत नंतर. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज सकाळी दोनच आकडे लिहा: रात्री सलग किती तास झोप लागली आणि उपाशीपोटी साखर किती होती. पुढच्या भेटीला ते पान, साखर उतरण्याआधीचा आणि नंतरचा असे एचबीए१सीचे दोन्ही रिपोर्ट, आणि आडव्या व उभ्या स्थितीतील रक्तदाबाची नोंद सोबत घेऊन जा.